भोयरांच्या बैठकीतला समुद्र

नागपुरात मी समुद्र सांभाळतो असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या तोंडाकडे बघतो, मग माझ्या ओल्या चपलांकडे, आणि म्हणतो, "काहून मजाक करून राहिले भाऊ!" मजाक नाही. देशाचा मध्य म्हणतात त्या झिरो माइलच्या खांबापाशी उभं राहून कुठंही तोंड करा, समुद्र लांबच. अशा गावात माझं अर्धं आयुष्य खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाक्या मांडण्यात, धुण्यात आणि त्यांच्यासमोर डोकं खाजवत बसण्यात गेलं. त्यातलं तिसरं काम सगळ्यात जास्त झालं.

माझं दुकान इतवारीत आहे, तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या ओळीमागे. बाहेर दिवसभर ठोक्यांचा आवाज, हातगाड्या, टेम्पोवाल्यांच्या शिव्या, आणि आत माझे मासे. गोड्या पाण्यातले मासे पाळणारे गावात पुष्कळ आहेत. ते काम बरं. तिथं मासा मेला तर का मेला हे बहुतेक वेळा कळतं. खाऱ्या पाण्याचं तसं नाही. सगळं ठीक असताना पटापट मरतात आणि सगळं बिघडलेलं असताना मजेत पोहतात. या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "इतक्या वर्षांत काय शिकलात ते लिहा." मी होकार दिला आणि घरी येऊन बसून राहिलो. काय शिकलो? बाप्पा, मलाच कोणी सांगा.

आधी धंदा समजावून सांगतो. समुद्र म्हणजे खारं पाणी असं लोकांना वाटतं. खारं पाणी तर लोणच्याच्या बरणीतही असतं, त्यात कोणी पोहताना दिसत नाही. समुद्रातल्या जिवाला मीठ मोजून लागतं, गारवा बेताचा लागतो, उजेड लागतो, पाणी हलतं लागतं आणि त्या पाण्यात विरघळलेली हवा लागते. आणि हे सगळं आज होतं तसंच उद्या लागतं, खरी मेख इथं आहे. समुद्र एवढा अफाट की एखाद्या दिवशी ऊन जास्त पडलं म्हणून त्याचं काही हलत नाही. त्यामुळे तिथल्या जिवांना बदल सोसायची सवयच नाही. आपल्या कन्हान नदीतला मासा बिचारा उन्हाळ्यात डबक्यात काढतो, पावसाळ्यात पुरात काढतो, तक्रार नाही. समुद्रातला मात्र लग्नातल्या मामेसासऱ्यासारखा, जरा काही कमी पडलं की रुसून बसतो, आणि तो रुसला म्हणजे मेलाच.

त्यात आपला मे महिना! पाणी तापलं की त्यात हवा कमी मावते, मग मासे वर येऊन तोंडं उघडतात. म्हणून पाणी गार करायचं यंत्र लावायचं. ते विजेवर चालतं, आणि वीज नेमकी मे महिन्यातच जाते. टाकीत दगड असतात, तेही शोभेचे नाहीत. त्यांच्या भोकांभोकांत न दिसणारे जिवाणू राहतात, ते माशांची घाण खाऊन पाणी निर्मळ ठेवतात. ते दगडांत रुजून बसेपर्यंत टाकी रिकामी ठेवावी लागते. लोक हौसेनं टाकी घेतात, पाहुणे बोलावतात, आणि पाहुणे रिकाम्या दगडांकडे बघून विचारतात, "मासे कुठं हायेत?" की मालक मला फोनवर झापतो. मीही मग झापतो. माझा स्वभाव तसा गरमच, पाणी गार ठेवण्यातच सगळा थंडपणा खर्च होतो.

एक नमुना सांगतोच. कळमन्याच्या बाजारातले एक अडते होते, त्यांनी ऑफिसात टाकी ठेवली. उन्हाळ्यात पाणी रोज बोटभर खाली जायचं. मी बजावलं होतं, वरून साधं शुद्ध पाणी घाला. वाफ होऊन फक्त पाणी उडतं, मीठ तिथंच राहतं. पण शेठना ते पटेना. "समुद्रात खारं पाणी असते न? मंग गोडं काहून टाकू? तुम्ही मले बनवून राहिले." रोज मिठाचं पाणी घालत गेले. मी गेलो तेव्हा काचेच्या कडांवर मिठाचे पापुद्रे आणि मासे आडवे. शेठ माझ्यावरच उखडले, "माल खराब दिला!" मी म्हटलं, शेठ, वरणातलं पाणी आटलं की तुम्ही वरून मीठ घालता की पाणी? शेठ म्हणाले, "आमच्या घरी वरण बाई करते."

असो. स्वतःचं शहाणपणही सांगतो. मी पहिल्यांदा खरा समुद्र पाहिला तो विशाखापट्टणमला, मेहुण्याच्या लग्नाला गेलो होतो तेव्हा. सगळे पाण्यात खेळत होते आणि मी पँट वर करून पाण्याचा खारेपणा मोजायची नळी घेऊन बसलो. बायको म्हणाली, "इथं तरी सोडा न!" समुद्र माझ्या हिशेबात बरोबर निघाला. मला इतका आनंद झाला की काय सांगू. पण त्याच किनाऱ्यावर एक मेलेला मासा पडला होता आणि तो का मेला हे मला सांगता आलं नाही. सगळं बरोबर असूनही. तो मासा काही केल्या डोक्यातून जात नाही.

आता भोयर काकांच्या टाकीबद्दल सांगतो. खरं तर हे लिहायला बसलो ते त्यासाठीच.

भोयर काका मानेवाड्याकडे राहतात. वीज खात्यात लाइनमन म्हणून लागले आणि वरच्या हुद्द्यावरून निवृत्त झाले. बारीक अंग, मोठा आवाज, खांबावर चढून चढून खांदे एका बाजूला झुकलेले. नोकरी संपत आली असताना एकदा काकूंना घेऊन अंदमानला गेले होते. तळाला काच असलेल्या होडीतून खालचं जग पाहिलं आणि परत आल्यावर सरळ माझ्या दुकानात. "भाऊ, मले तेच पाहिजे. तसंच्या तसं." मी म्हटलं, काका, तसंच्या तसं होत नाही. जिवंत पोवळी तर कायद्यानं ठेवता येत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण एक समुद्रफूल, त्यात राहणारे दोन केशरी मासे, चार झिंगे, थोडे शंख, एवढं जमेल. समुद्रफूल म्हणजे फूल नव्हे, तो जीवच. दगडाला चिकटून बसतो आणि बोटांसारख्या शेंड्या पाण्यात हलवत राहतो. दुसरा मासा शिवला तर त्याला डंख मारतो, पण हे केशरी मासे त्याच्या कुशीत झोपतात. का, ते विचारू नका. पुस्तकात कारण दिलं आहे, ते मी वाचलंही आहे, पण दरवेळी डोळ्यांनी बघताना पटत नाही.

असं गिऱ्हाईक मला पुन्हा मिळालं नाही. जे सांगितलं ते काका तंतोतंत करायचे. टाकीत हात घालायच्या आधी हातातलं सगळं काढायचं, हे मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तांबं तर अजिबात नको. माशाला थोडंफार चालतं. माशाच्या अंगावर पांढरे ठिपके उठले तर आम्ही त्याला वेगळ्या टाकीत तांब्याचंच औषध देतो. पण ज्यांना पाठीचा कणा नाही, म्हणजे झिंगे, शंख, समुद्रफूल, त्यांना तांबं म्हणजे विष. हे ऐकून काका गदागदा हसले. "घ्या! जिंदगीभर तांब्याच्या तारा जोडून पोट भरलं, अन् म्हातारपणी तांब्याले घरात बंदी!" त्यांच्या मनगटात वातासाठी तांब्याचं कडं होतं. तेव्हापासून टाकीला हात लावायचा झाला की ते कडं काढून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायचे आणि मला मुद्दाम ओरडून सांगायचे, "भाऊ, तांबं उतरवलं बरं का!" त्यांचा तो ठरलेला विनोद होता.

मग दिवाळीनंतर काकांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. एवढा मोठा आवाज, आणि आता तोंडातून नुसतं "आं... आं." डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, पण समज किती शिल्लक आहे ते आत्ताच सांगता येत नाही. काकूंनी त्यांची खुर्ची बैठकीत टाकीसमोर मांडली. तिथं ते सकाळपासून दिवस मावळेपर्यंत बसायचे. टाकीचं काम मी आठवड्यातून एकदा दुपारी जाऊन करायचो. शुद्ध पाण्याचा कॅनही दुकानातूनच न्यायचो. काकू रोज त्यातलं थोडं पाणी वरून घालायच्या, बस्स. बाई काटेकोर, कधी विसरल्या नाहीत.

उन्हाळा लागला तसे झिंगे मरायला लागले.

पहिला मेला तेव्हा मी मनावर घेतलं नाही, कात टाकताना मरतात कधी कधी. दुसरा मेला. मग शंख काचेवरून गळून खाली पडायला लागले. मी पाणी तपासलं. मीठ बरोबर, गारवा बरोबर, घाण नाही, हवा भरपूर. आणि मासे? ठणठणीत! खायला टाकलं की झडप घालत होते. टाकीत काही बिघडलं असतं तर मासे आधी बोंबलले असते. मला काही समजेना. मी काकूंना विचारलं, डासांचा फवारा मारला काय? नाही. कूलरमध्ये काही औषध टाकलं? नाही. कुणाचा हात गेला आत, अंगठी, नाणं, खिळा? "नाही हो भाऊ, मी कायले हात घालू? मले तं त्या फुलाची भीती वाटते." वरून कोणतं पाणी घालता? "तुमचंच. कॅनचंच. दुसऱ्या पाण्याचा थेंब नाही." बाई खोटं बोलणारी नाही, हे मला ठाऊक होतं. ती खरंच बोलत होती.

मी दगड बदलले. मिठाची कंपनी बदलली. मुंबईच्या व्यापाऱ्याला फोन करून भांडलो, तर तो म्हणाला, तुमच्या नागपूरची हवाच समुद्राला मानवत नाही. मग हवेवरही संशय घेतला. शेजारी घराला रंग देत होते, त्या रंगाऱ्याच्या डब्यांचा वास घेऊन आलो. रंगारी म्हणाला, "भाऊ, तब्येत बरी आहे न?" बरी नव्हती. मला झोपेत झिंगे दिसत होते. बायको म्हणाली, दुसऱ्याच्या घरच्या झिंग्याले इतकं रडते, माह्या मामाले नाही रडला.

तशात भोयरांचा मुलगा प्रशांत पुण्याहून आला. तिथं मोठ्या कंपनीत आहे. पोरगा वाईट नाही, उलट चांगलाच आहे. बापाला उचलून न्हाऊ घालत होता. मी टाकीपाशी वाकलेलो असताना म्हणाला, "भाऊ, टाकीला गिऱ्हाईक बघा. पावसाळ्याच्या आत मी दोघांना घेऊन जातो. बाबांसाठी तिकडे एक केंद्र बघितलंय, चोवीस तास माणसं असतात. आई माझ्याकडे राहील."

काकू दारात उभ्या होत्या. "अन् हे? एकटे तिथं?"

"आई, त्यांना समजत नाही गं. आपण कोण आहोत हेही कळतंय की नाही, माहीत नाही. तू उगाच स्वतःला त्रास करून घेतेस."

प्रशांत गाडीला पेट्रोल भरायला गेला तेव्हा काकू माझ्यापाशी आल्या. डोळे भरलेले, पण आवाज पक्का, बोट काकांकडे. "भाऊ, हे फूल हाललं की यायचे डोळे हालतात. मी पाहिलं हाये. प्रशांत म्हणते, आई, तुले भास होते. अरे, चाळीस वर्स संसार केला या माणसासंग, मले भास होईन? पण माह्यापाशी दाखवाले या फुलाशिवाय दुसरं काही नाही. हे फूल मेलं न भाऊ, तं मंग हे कायकडे पाहतीन? अन् मी पोराले काय सांगू?"

समुद्रफूल तेव्हा मिटायला लागलं होतं. शेंड्या आखडलेल्या, मधलं तोंड लोंबलेलं, दगड सोडून कोपऱ्यात सरकलेलं. केशरी मासे त्याच्याभोवती गोंधळून फिरायचे, कुशीत शिरायला जागा नव्हती. मी काकूंना म्हटलं, काकू, मी वाचवतो. कोणत्या तोंडानं म्हटलं कोण जाणे. मला तर काय बिघडलंय तेच कळत नव्हतं.

काकांचंही काहीतरी बिघडलं होतं. ते चिडायला लागले होते. काकू म्हणाल्या, "रोज सकाळी अंगात आल्यासारखं करतात. आं आं करतात, पाणी देलं तं तोंड फिरवतात, अन् ते कडं ओढतात." लकव्यानंतर कडं काकूंनी त्यांच्या उजव्या, लुळ्या हातात चढवलं होतं, हातात बळ येईल म्हणून. काका डाव्या हातानं ते ओढायचे, खुर्चीच्या हातावर आपटायचे. काकूंना वाटलं रुततंय, म्हणून त्यांनी ते फाकवून सैल केलं. तरी ओढणं थांबेना. मग आतून कापड गुंडाळलं. तरी तेच. दुपारी मी गेलो की मलाही दिसायचं. काका माझ्याकडे बघायचे आणि कडं धरून आं आं करायचे. मी म्हणायचो, हो काका, दुखते न, होईन बरं. आणि पुन्हा टाकीत डोकं घालायचो.

प्रशांत परत गेला, दोन आठवड्यांनी गाडी घेऊन येतो म्हणून. त्यानंतरच्या सोमवारी मी दुपारऐवजी सकाळीच गेलो. ऊन असं होतं की दुपारी स्कूटरचं हँडल धरवत नव्हतं, म्हणून, दुसरं काही कारण नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण लोक नंतर म्हणाले, भाऊनं बरोबर ताडलं. भाऊनं काही ताडलं नव्हतं. भाऊ उन्हाला भ्याला होता.

मी जाऊन बसलो. काकू स्वयंपाकघरातून दोन स्टीलचे पेले घेऊन आल्या. एक काकांच्या तोंडाला लावला. काकांनी मान झटकली, पाणी सदऱ्यावर सांडलं. "पाहा, हे असं," काकू म्हणाल्या. पदरानं त्यांचा गळा पुसला, दुसरा पेला घेऊन टाकीकडे गेल्या आणि सावकाश, देवाला वाहावं तसं, पाणी आत सोडलं. मागं काकांचा "आं आं" सुरू झाला. डाव्या हातानं कडं धरलेलं, खुर्चीवर ठण ठण आपटत होते.

"काकू," मी म्हटलं, "हे पाणी कॅनचंच न?"

"कॅनचंच तं! पण उन्हाळ्यात त्या प्लास्टिकचा वास लागते भाऊ. म्हणून कॅन आला की मी हंड्यात ओतून ठेवते. रातभर तांब्यात राह्यलेलं पाणी चांगलं. माह्या जाऊबाईनं सांगतलं, लकव्यालेही चांगलं असते. मंग मी म्हटलं, यायले द्याचं तं मासोळ्यायलेही तेच द्यावं. दोघायले एकच." आणि अभिमानानं सांगितलं, "हंडा रोज चिंचेनं घासते. आरशासारखा."

काखेत कळसा अन् गावाला वळसा! माझ्या दुकानासमोर दिवसभर तेच हंडे ठोकत होते आणि मी रंगाऱ्याचे डबे हुंगत फिरत होतो. आमचं शुद्ध केलेलं पाणी भुकेलं असतं, त्यात काहीच नसल्यामुळे ते जिथं ठेवाल तिथलं घेतं. त्यात चिंचेनं घासलेला हंडा. रोज पेला पेला. पाणी उडून जात होतं आणि तांबं टाकीतच साठत होतं, कळमन्याच्या शेठच्या मिठासारखं. मासे तगले, बाकीचे मेले. सगळं कोडं एका पेल्यात होतं.

पण मला हे सुचलं ते नंतर. त्या क्षणी मी काकूंकडे नव्हे, काकांकडे बघत होतो. ठण ठण थांबलं होतं. काकांनी कडं घट्ट धरलं होतं, आणि ते थेट माझ्याकडे बघत होते. पूर्वी ओरडून सांगायचे, भाऊ, तांबं उतरवलं बरं का!

मी खुर्चीपाशी खाली बसलो. "काका," मी म्हटलं, "तांबं? तुम्ही आमाले तांबं म्हणून राहिले होते काय?"

काकांनी कडं सोडून दिलं. डोळे मिटले. डोळ्यांतून पाण्याची धार लागली आणि मान हलली. एकदा, मग पुन्हा एकदा, ठाम. मला आणि काकूंना, दोघांनाही दिसेल अशी.

वाटेत मी मनाशी ठरवत असे की कारण सापडलंच तर काकूंना लागेल असं बोलायचं नाही. मीठ खराब होतं म्हणून थाप मारू. पण थाप मारायला जागाच उरली नाही. बाई सगळं समजल्या होत्या; इतके दिवस त्यांना तांब्याची बंदी फक्त कड्यापुरती वाटली होती. हातातला रिकामा पेला तसाच होता. मला वाटलं आता झिंग्यांचं म्हणतील, फुलाचं म्हणतील, माझ्या हातून मेले म्हणून रडतील. त्यांनी टाकीकडे बघितलंही नाही.

"म्हणजे हे रोज मले हेच सांगून राहिले होते," त्या म्हणाल्या. "अन् मी कडं सैल करत होती."

त्यांनी काकांच्या हातातून कडं काढलं, कापड सोडवलं आणि जुन्या खिळ्याला अडकवलं. मग काकांच्या समोर जमिनीवर बसल्या आणि विचारलं, "अहो, अजून काय काय सांगत होते तुम्ही मले?"

काकांनी डावा हात उचलला. आधी कूलरकडे केला, मग खिडकीकडे, मग माझ्याकडे, मग पुन्हा खिडकीकडे. आम्ही दोघं वेड्यासारखे त्या बोटामागे बघत होतो. कूलर बंद केला, तरी नाही. खिडकी उघडली, तरी नाही. काही समजेना. काकू म्हणाल्या, "थांबा, घाई नोका करू. मी एकेक विचारते." मला तिथं बसवेना. मी म्हटलं, मी दुकानातून सामान आणतो, आणि निघालो.

फुलाचं काय झालं ते इथंच सांगून टाकतो. दुकानातून तांबं तपासायची बाटली आणली, पाण्याचा रंग बदलला, शंकाच नव्हती. ती तपासणी मी आजारी माशांच्या टाकीसाठी ठेवतो. भोयरांच्या घरी तांबं निघेल हे डोक्यातच आलं नव्हतं. फूल मी बादलीत घालून दुकानी आणलं. झिंगा एकही वाचला नाही. दगडांनी तांबं शोषलेलं, ते काही सहजासहजी सोडत नाहीत, म्हणून सगळे फेकले आणि काकांची टाकी नव्यानं मांडली. आत्ता तिच्यात नुसते दगड आहेत आणि न दिसणारे जिवाणू, ते बसताहेत. फूल माझ्याकडे कधी उमलतं, कधी मिटतं. पाणी तेच, उजेड तोच, मग हे आज का मिटलं? मला माहीत नाही. पण जिवंत आहे. दिवाळीपर्यंत असंच राहिलं तर परत नेऊन देईन. काका रिकाम्या टाकीसमोर बसतात आणि मी दगड चुकीचा ठेवला की आं आं करतात. ते आं आं कोणत्या दगडाबद्दल आहे हे समजायला मला अर्धा तास लागतो. बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर असतं.

त्या दिवशी मी बादल्या घेऊन परत आलो तेव्हा दार उघडंच होतं. काकू अजून जमिनीवर, काकांच्या पायांपाशी बसल्या होत्या. बाजूला सकाळची ताटली पडली होती, मऊ खिचडी, न शिवलेली. लकवा झाल्यापासून रोज तीच, गिळायला सोपी म्हणून. काका ती थुंकायचे आणि सगळे म्हणायचे, आजार वाढला. काकांचा डावा हात काकूंच्या खांद्यावर होता. काकूंच्या कानाशी फोन होता. हसत होत्या की रडत होत्या, मला दारातून समजेना.

"प्रशांत," त्या सांगत होत्या, "गाडी नोको आणू रे बाबा. ऐक तं खरं... तुह्या बाबाले खिचडी आवडत नाही."